स्लॅब, माळवद आणि आईची बाज

उद्यान एक्सप्रेस रात्री बेंगळुरूहून निघते आणि सकाळी जाग येते तेव्हा गाडी वाडी जंक्शनच्या आसपास असते. खिडकीतून सिमेंट कारखान्याची धुरांडी दिसतात. थोडं पुढे शहाबाद लागतं. आजोळच्या स्वयंपाकघरात, शाळेच्या व्हरांड्यात, एसटी स्टँडवर आपण सगळ्यांनी जी करडी फरशी पाहिली आहे, त्या शहाबादी फरशीचं हे माहेर. एकाच जिल्ह्यातला चुनखडक. त्याचे थर सोडवले की फरशी होते, भाजून दळला की सिमेंट होतं. आमच्या घरात दोन्ही आहेत, पायाखाली फरशी आणि डोक्यावर सिमेंटची स्लॅब. मे महिन्यात पायाखालचा दगड गार लागतो आणि डोक्यावरचा भाजतो. हा लेख त्या डोक्यावरच्या दगडाबद्दल आहे.

आमचं गाव मादन हिप्परगा, तालुका आळंद, जिल्हा कलबुर्गी. जुनी माणसं अजून गुलबर्गाच म्हणतात. कलबुर्गी स्टेशनला उतरायचं, लाल बस पकडायची, चाळीसेक किलोमीटरवर आळंद, लाडले मशायख दर्ग्याचं गाव, आणि तिथून पुढे आम्ही. मे महिन्यात या रस्त्याला दोन्ही बाजूंनी नांगरून ठेवलेली काळी रानं असतात, भेगाळलेली. पावसाळ्यात इथेच तूर उभी राहते. गाव महाराष्ट्राच्या सीमेला लागून. १९४८ पर्यंत निजामाचं हैदराबाद संस्थान, १९५६ ला म्हैसूर राज्य, १९७३ ला त्याचंच कर्नाटक झालं. सरकारं बदलली, पण घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि बाजारात दोन्हींची मिसळ, हे बदललं नाही. ऊन मात्र दोन्ही भाषांत एकच.

हिवाळ्याची आम्हाला फार काळजी नसते. अंघोळीला बंबातलं पाणी आणि रात्री अंगावर वाकळ, एवढीच आमची 'हीटिंग सिस्टीम'. खरा प्रश्न मार्च ते जूनचा.

माझ्या लहानपणी घरावर माळवद होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जाड दगडी भिंती, त्यावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर पाला आणि त्यावर फूट-दीड फूट चोपलेली माती. कन्नड बोलणारे आमचे शेजारी त्याला माळिगे म्हणतात. २०१५ साली मी आप्पांना म्हटलं, आता हे पाडू आणि स्लॅब टाकू. नोकरीला लागून काही वर्षं झाली होती, बोनस हातात होता, आणि मुलानं घराला स्लॅब टाकली की गावात त्याची किंमत वाढते. मागच्या बाजूची दोन खणांची कोठी तेवढी पैसे संपले म्हणून माळवदाचीच राहिली. समोरच्या ओसरीवर पत्रा टाकला. तीन वर्षांनी आप्पा गेले. आई त्या घरात एकटी राहते. शेजारच्या घरात चुलत्यांचं बिऱ्हाड आहे, म्हणून आम्ही निर्धास्त.

गेल्या वर्षी मे महिन्यात रात्री साडेअकराला चुलत भावाचा फोन आला. आई पाणी प्यायला उठली आणि दारातच खाली बसली. शुद्ध गेली नाही, पण बोलणं अडखळत होतं. आळंदच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि सांगितलं की हा उन्हाचा त्रास आहे. मी म्हटलं, रात्री साडेअकराला कसलं ऊन? डॉक्टर म्हणाले, "बाहेरचं नाही, घरातलं."

ते वाक्य मला झोपू देईना. कारण ते घर मी बांधलं होतं.

माहिती शोधायला निघालो

मी इंजिनिअर. प्रश्न पडला की माहिती गोळा करायची, हा आमचा खाक्या. सुरुवात ऑफिसातून केली. बेंगळुरूच्या मित्रांनी जे सांगितलं ते बेंगळुरूचं होतं: चांगला पंखा घे, खिडक्या उघड्या ठेव. नॅशनल बिल्डिंग कोड देशाचे पाच हवामान-विभाग करतो: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. बेंगळुरू समशीतोष्ण विभागात येतं आणि आमच्या शेजारचं सोलापूर उष्ण-कोरड्यात. म्हणजे मी ज्यांना विचारत होतो त्यांनी तो प्रश्न कधी अनुभवलेलाच नव्हता. मुंबईच्या मावशीनं बजावलं की कूलर अजिबात घेऊ नकोस, काही उपयोग होत नाही. तिचंही तिच्या जागी बरोबर होतं.

मग शहरातल्या एका मोठ्या दुकानात फोन केला. पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच, "रूम किती बाय किती?" मी म्हटलं दहा बाय बारा. उत्तर आलं, दीड टन, पाच स्टार. छत कसलं आहे, ते उन्हात आहे का, दुपारी व्होल्टेज किती असतं, लाइट किती वेळ जाते, यातलं काही विचारलं नाही.

इथे थोडं गणित सांगतो, तुम्हालाही उपयोगी पडेल. एक टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला लागणारी उष्णता, साधारण साडेतीन किलोवॉट. पाच इंची उघडी स्लॅब भर दुपारी वरून साठ अंशांपर्यंत तापली, की आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत हजारेक वॉट उष्णता नुसत्या छतातून उतरू शकते. म्हणजे टनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा आपण छताशी भांडण्यात घालवणार. एसीवरचे स्टारही नीट समजून घ्या. ते वर्षाला १६०० तास वापर धरून काढतात, आणि अख्ख्या देशासाठी एकच आकडा. दोन यंत्रांत तुलना करायला तो छान आहे. तुमच्या घराचं बिल किंवा तुमच्या खोलीचं तापमान तो सांगत नाही.

याच विषयावरचा सरकारी कागदही वाचला. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची इको-निवास संहिता २०१८ सालची आहे. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना छताच्या एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जावी, याची कमाल मर्यादा तिनं घातली आहे, १.२. आमच्यासारख्या नुसत्या स्लॅबचा आकडा साधारण त्याच्या तिप्पट येतो. २०१५ साली स्लॅब टाकताना मी लोखंड किती एमएमचं आणि सिमेंट किती पोती हे दोनदा तपासलं होतं. उष्णता किती येईल हा प्रश्न मी विचारला नाही आणि मला कुणी सुचवलाही नाही.

चार मापकं आणि एक बाज

या वर्षी मे महिन्यात दहा दिवसांची रजा टाकून गावी गेलो. सोबत तापमान आणि आर्द्रता दाखवणारी चार छोटी मापकं नेली. आई म्हणाली, "आता हे कशाला? उकडतंय ते मला कळतंय की."

एक मापक स्लॅबच्या खोलीत, एक मागच्या माळवदाच्या कोठीत, एक पत्र्याच्या ओसरीत आणि एक अंगणात कडुनिंबाच्या सावलीत लावलं. टीव्हीवर जे तापमान सांगतात ते पांढऱ्या, झडपांच्या, हवा खेळत्या पेटीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, सावलीत मोजलेलं असतं. हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांच्या वर आणि नेहमीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त असेल तर उष्णतेची लाट म्हणतं. हे सगळं हवेबद्दल आहे. माणूस हवेत राहत नाही, घरात राहतो.

तीन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. दुपारी तीनला बाहेर सावलीत ४१, पत्र्याच्या ओसरीत ४२, स्लॅबच्या खोलीत ३८, कोठीत ३३. इथवर स्लॅब बरी वाटते. पण रात्री अकराला बाहेर ३२, ओसरीत ३२, कोठीत ३४ आणि स्लॅबच्या खोलीत ३७. पहाटे पाचला बाहेर २८, खोलीत अजून ३४.

कारण साधं आहे. पाच इंची काँक्रीट वरची उष्णता तीन-चार तासांत खाली पोहोचवतं आणि मग रात्रभर आत सोडत बसतं. फूटभर मातीतून तीच उष्णता यायला दहा-बारा तास लागतात, आणि येईपर्यंत तिचा जोर ओसरलेला असतो. पत्रा दिवसा नालायक, पण त्याच्या अंगात साठवायला काही नाही, म्हणून सूर्य बुडाला की तासाभरात तो गार. तेव्हा 'कोणतं छत चांगलं' हा प्रश्नच अर्धा आहे. किती वाजता, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

हे मी मोठ्या ऐटीत आईला तक्ता दाखवून सांगितलं. तिनं तक्त्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "सकाळी ओसरीत. नऊला ऊन आत येतं, मग स्वयंपाकघरात. जेवण झालं की कोठीत. चारनंतर निंबाखाली, तिकडं घराची सावली पडते. दिवेलागणीला अंगणात सडा टाकायचा आणि तिथं बसायचं. माझी बाज बघ ना, ती कुठं हाय ते बघितलं की कळतंय."

माझ्या चार मापकांनी तीन दिवसांत जे सांगितलं ते तिची बाज रोज सांगत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. मी तर दर रविवारी फोन करून "जेवलीस का" एवढंच विचारत होतो.

पण मग मी विचारलं, "आणि रात्री?"

"रात्री खोलीत."

"सगळ्यात गरम जागी? का?"

ती जरा थांबली. "आप्पा होते तवा गच्चीवर झोपायचो. आता गुडघ्यामुळं चढवत नाही. आणि उघड्यावर एकटी बाई झोपती व्हय रे? आतून कडी लावती आणि झोपती."

हे कोणत्याच मापकात नव्हतं. ती रात्री खोलीत उकडत होती ती छतामुळे तर खरीच, पण त्याआधी बंद दारामुळे. मी एसीच्या टनांचा हिशेब करत होतो आणि खरा प्रश्न कडीचा होता.

भिंतीनं पोट काढलंय

सोपा उपाय दिसत होता. कोठी दिवसभर ३३, तिथेच आईची सोय करावी. दुपारी ती तिथे झोपतच होती. मी जवळजवळ ठरवून टाकलं. फक्त कोठीची गळकी कड बुजवायची म्हणून गावातल्या जुन्या गवंडीमामांना बोलावलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, आमच्या भागातली कितीतरी माळवदं त्यांच्या हाताखालून गेलेली.

मामा आत आले, छताकडे पाहिलंही नाही. मागच्या भिंतीला हात लावला, मग ओळंबा सोडला. दोरी वर भिंतीला टेकली होती, मधे मात्र दगड दोरीला बाहेर ढकलत होते.

"ह्या भिंतीनं पोट काढलंय," मामा म्हणाले. "आई इथं निजती?"

"दुपारचं."

"निजू देऊ नको."

मग त्यांनी समजावलं. अशी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती, आतली आणि बाहेरची, आणि मधे दगडगोटे आणि माती. मधूनमधून आरपार जाणारा लांब दगड घातला असेल तर दोन्ही एकमेकींना धरून राहतात. इथे तो नव्हता. आणि वर माती किती? दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून एक थर नवा टाकायचा आणि जुना काढायचा नाही, ही सगळ्यांचीच रीत. फूटभर माती म्हणजे एका चौरस मीटरवर साधारण पाचशे किलो. दहा बाय बाराच्या खोलीवर पाच टनांहून जास्त.

तेवढं ऐकलं आणि मला एकदम १९९३ आठवलं. ३० सप्टेंबर, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गावं झोपलेली. पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. उमरग्याच्या पलीकडे किल्लारी, फार लांब नाही. मी पाच वर्षांचा होतो. आप्पांनी मला उचलून अंगणात आणलं आणि पुढे कितीतरी रात्री आम्ही बाहेरच झोपलो, एवढंच आठवतं. त्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली. बहुतेक जण अशाच भिंतींखाली आणि अशाच मातीच्या छतांखाली, झोपेत.

माळवदाची ही दुसरी बाजू मी विसरलो होतो. स्लॅब टाकायला आप्पा इतक्या पटकन का तयार झाले, हेही मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं होतं ते माझ्या बोनसवर खूष झाले. ते बावीस वर्षं त्या छताखाली घाबरून झोपत होते.

मी आईला म्हटलं, "तुला माहीत आहे ना हे? मग कोठीत का झोपतेस?"

"भूकंप रातचा येतो," आई म्हणाली. "दुपारी नाही येत."

मामा हसले. मला हसू आलं नाही.

म्हणजे मापक सांगत होतं, कोठी सर्वात चांगली. ओळंबा सांगत होता, कोठी सर्वात वाईट. दोन्ही खरं बोलत होते. मी फक्त एकाला विचारून गावाहून परत आलो असतो, तर स्वतःच्या हातानं आईची बाज त्या भिंतीखाली ठेवून आलो असतो.

काय केलं

कोठी आता फक्त सामानाची. मामांनी वरची जादा माती उतरवून ओझं कमी केलं आणि भिंतीला बाहेरून टेकू दिला. तिथे माणसानं झोपायचं नाही, हे आईकडून कबूल करून घेतलं.

स्लॅब पाडायची नाही. ती मजबूत आहे, आणि आप्पांना ती हवी होती. तिला फक्त उन्हातून काढायचं. आधी तिच्यावर चुन्याचे दोन हात दिले. पांढरा रंग ऊन परत फेकतो, ही युक्ती जुनीच आहे. तेलंगणानं तर २०२३ मध्ये तिच्यावर कूल रूफ नावाचं धोरणच काढलं. मग स्लॅबच्या दोन-अडीच फूट वर पाइपांवर शेतातली शेडनेट ताणली. रोपवाटिकेला वापरतात तीच, हिरवी. मधून वारा जायला हवा, म्हणून चारही बाजू मोकळ्या. उष्णता आत आल्यावर तिला यंत्रानं बाहेर काढण्यापेक्षा छतावर येऊच न देणं स्वस्त पडतं.

दुपारसाठी कूलर. मावशीनं मुंबईहून नको म्हटलं होतं ते मुंबईसाठी बरोबर होतं. कूलर पाण्याच्या वाफेवर चालतो आणि हवा कोरडी असेल तरच पाणी भराभर वाफ होतं. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर २७ अंशांच्या आसपासची हवा देऊ शकतो. समुद्राकाठी ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत तो जेमतेम तीन-चार अंश उतरवतो आणि अंगाला चिकचिक करतो. आळंदच्या कूलर दुरुस्तीवाल्याला हे आकडे माहीत नव्हते, पण त्यानं मला दुकानवाल्यापेक्षा चांगले प्रश्न विचारले. बोअरचं पाणी कसं आहे? क्षार धरतं का? समोरासमोर खिडकी आहे का? कूलर लावून खिडक्या बंद केल्या तर खोलीचं न्हाणीघर होतं, हे त्यानंच सांगितलं. हवा आत आली तेवढी बाहेर गेली पाहिजे. आणि पाणी? दिवसाला तीन-चार बादल्या सहज लागतात. टँकरची वेळ आली तर कूलर बंद ठेवावा लागणार, हे धरूनच चाललो आहोत. इन्व्हर्टरवर मात्र तो चालतो. दीड टनाच्या एसीला दीड हजार वॉटच्या आसपास लागतात, आमच्या लहान कूलरला दीडशे-दोनशे.

आणि शेवटचं, रात्रीसाठी. ओसरीला खालपासून वरपर्यंत लोखंडी जाळी बसवली आणि जाळीच्या दाराला आतून कुलूप. आळंदच्या वेल्डरनं दोन दिवसांत बसवून दिली. गारवा देणारं यंत्र म्हणून कोणत्याही दुकानात ती मिळणार नाही, पण आमच्या घरात सर्वात जास्त अंश तिनंच उतरवले. आई आता रात्री ३७ च्या खोलीत नाही, ३२ च्या ओसरीत झोपते, कडी लावून, वाऱ्यात.

हे सगळं मिळून जवळजवळ त्या दीड टनाच्या एसीच्या किमतीत बसलं. शेडनेट लावल्यावर स्लॅबच्या खोलीत रात्री अकराला ३७ ऐवजी ३४ दिसू लागले. म्हणजे थंडगार नाही, पण बसता येईल इतपत. पहिल्या पावसाआधीचे दमट दिवस येतात तेव्हा कूलर हात टेकतो, त्याला आमच्याकडे अजून उत्तर नाही. तेवढ्या दिवसांसाठी तरी बेंगळुरूला ये म्हणतो. ती म्हणते, बघू.

तुमच्या घरासाठी

आपल्या मंडळातल्या पुष्कळ घरांत हीच गोष्ट आहे. आपण इथे, आई-बाबा तिकडे, आणि उन्हाळा आला की आपण ऑनलाइन एसी पाठवून मोकळे होतो. पाठवायला हरकत नाही, पण आधी तीन-चार गोष्टी विचारा.

घरातल्या माणसाला विचारा, दिवसाच्या कोणत्या वेळी तुम्ही कुठे बसता, आणि रात्री कुठे झोपता. "उकडतं का" असं विचारू नका, "नाही रे" असंच उत्तर येतं. जिथे झोपता तिथेच का झोपता, हेही विचारा. कारण भीती असेल, गुडघे असतील, डास असतील, बाथरूम जवळ असेल. मग दोन-तीनशे रुपयांचं एक मापक पाठवा आणि रात्री अकराचा आकडा फोनवर विचारा. दुपारचा आकडा सगळेच सांगतात, घराचा स्वभाव रात्रीच कळतो. तिसरं, घर जुनं असेल तर गावातल्या जाणत्या गवंड्याला भिंत दाखवा, गारव्याच्या नादात धोक्याच्या जागी बाज नको. आणि जो तुम्हाला काही विकणार आहे तो आधी काय विचारतो ते ऐका. ज्याला तुमचं छत, पाणी आणि वीज याबद्दल प्रश्नच पडत नाहीत, त्याचं उत्तर तुमच्या घराचं नाही.

परवा रविवारी फोन केला. हल्ली "जेवलीस का"नंतर मी विचारतो, "बाज कुठं आहे?"

"ओसरीत," आई म्हणाली. "आणि ऐक, कोपऱ्यावरची म्हातारी विचारत होती, तुझ्या पोरानं गच्चीवर हिरवं काय ताणलंय, ढोबळी मिरची लावलीय का म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, मला लावलंय सावलीत."